ओव्हिलाचे बर्फजोडे

हॅलो?… कोण, युगेत? अगं बोल, मी जर्मेनच. आवाज असा का येतोय तुझा?… नाही नाही, जेवायला वेळ आहे अजून. सूप शिजतंय.

काय?… रविवारी येत नाहीस? का म्हणून?… अगं, दर जानेवारीत जातो आपण सगळे तळ्यावरच्या खोपटात. तू नाही आलीस तर मटण भरलेली रोटी कोण भाजून आणणार? मी? माझी कशी होते, माहितेय ना तुला…

बरं, कारण तरी सांग… हो… हो… मिरेयने आणलेले नवे बर्फजोडे? त्यांना काय झालं? लेकीने एवढ्या हौसेने आणलेत… आखूड आहेत? अगं, आखूडच हवेत तुला. तुझं वजन ते केवढंसं. बर्फात पाय रुतू नये म्हणून तर बुटाखाली बांधतो आपण, तेव्हा जोडा वजनाप्रमाणे घ्यायचा, पाठीवरची पिशवी धरून… दुकानदाराने बरोबर दिलेत.

मग काय घालणार म्हणतेस?… ओव्हिलाचे?

युगेत, ऐक ना. नवरा तुझा केवढा दांडगा माणूस होता. त्याचे जोडे घालून तू चाललीस तर पाय फाकवून फाकवून कंबर जाईल तुझी. आणि जोड्यांच्या मागच्या त्या लांब शेपट्या झाडीत अडकतात त्या वेगळ्याच… हो, माहितेय. त्याचे आहेत म्हणून. माहितेय गं.

कुठे ठेवलेस ते?… कुठे? चुलीशेजारी? कधीपासून?… ऑक्टोबरपासून? तो गेल्यापासून?… जवळ असावेत म्हणून. हं… अगं पण लाकडी चौकटीत विणलेल्या त्या चामड्याच्या वाद्या, उबेने सुकतात. ओव्हिला कधी घरात घेत होता का ते? शेडमध्ये टांगायचा ना, थंडीत?… अंगठ्याने दाबून बघ बरं एखादी वादी. जा, मी थांबते.

अहो, फोनवर आहे मी. तुमचं सूप तुम्ही ढवळा.

हं, बोल… तुटली? एकच ना?… रडू नकोस. युगेत. अगं, रडू नकोस ना. लाकूड शाबूत आहे? चीर नाही कुठे?… मग झालं तर. आमचे हे विणून देतील नवी वादी, वसंतापर्यंत अगदी होते तसे करून देतील. पण आता आणखी चुलीजवळ ठेवलेस तर सगळ्याच तडकतील. बाहेर शेडमध्ये नेऊन टांग. उद्याबिद्या नाही, आत्ता.

आणि नवेही बाहेर ठेव. उंबऱ्याबाहेर, बर्फात उभे… अगं, घरातला गरम जोडा तसाच बर्फात घातला की खाली गोळे धरतात, पाय उचलत नाही. ओव्हिलाच ओरडायचा ना आपल्याला… हो, 'बायकांनो, जोडे गार करा.' तस्साच… बघ, हसलीस.

म्हणजे ते खरं कारण नव्हतंच ना?… बोल की… हं… हं.

हो. पुढे तोच चालायचा, ताजा बर्फ तुडवत, वाट पाडत. कधी बाजूला व्हायचा नाही लेकाचा. बाकी लोक दमले की बाजूला होतात, रांगेच्या शेवटी येतात, मागचा पुढे होतो. हा मात्र घामाघूम होऊन थेट तळ्यापर्यंत. आणि तू त्याच्या पावलांत पावलं टाकत… तीस वर्षं गं, तीस.

पुढे कोण चालणार? तू चालायचंस… का नाही? टाच सुटी राहते, बोटं तेवढी बांधायची, काठी टेकायची, मागे तेवढं पाऊल टाकायचं नाही. त्यात काय आहे? दमलीस की बाजूला हो. मी मागेच आहे तुझ्या. मग मी पुढे, तू माझ्या मागे… म्हातारी झालेय, तरी एवढं चालते मी.

नाही, आत्ताच 'हो' म्हणू नकोस. आधी ते जोडे बाहेर ने… आत्ता, हो… अगं, टोपी घाल… शाल नाही चालणार, कोट… युगेत? अगं, फोन तरी ठेव नीट…

हॅलो?… हॅलो?

फोन चालूच आहे… कडी वाजली… दार उघडंच टाकलंय हिने, वारा ऐकू येतोय सगळा. घर गार होईल म्हणावं तर…

अहो, गप्प बसा जरा. ऐकू द्या… पावलं वाजतायत बर्फावर. अंगणातून चाललीय… कोण म्हणजे? युगेत. हो, आपली युगेत. बाहेर पडलीय.