चाळिसावं पान

इर्मा : पान दोनशे चौदा ते दोनशे एकवीस. छापखान्यात कापताना पानांच्या कडा एकमेकींना चिकटतात ना, त्या अजून तशाच आहेत. बोटाने सोडवायला गेलं की बारीक आवाज येतो. ऐक.

मार्लिस : नको सोडवूस.

इर्मा : पहिली पन्नास पानं मऊ पडलीत. शेवटच्या तीन पानांवर कॉफीचा डाग. मधली सगळी कोरी करकरीत. आणि आत तुझं नाव, तुझ्याच अक्षरात.

मार्लिस : ही प्रत तुझ्याकडे कुठून आली?

इर्मा : तूच दिलीस, जानेवारीत, वाचनालयाच्या विक्रीसाठी. खोकं भरून. पण प्रकाशनाआधी तुम्हा पेपरात पुस्तकांवर सदर लिहिणाऱ्यांना पाठवतात त्या प्रती विकता येत नाहीत, म्हणून मी त्या वेगळ्या काढते. काढताना ही हातात आली.

मार्लिस : मग टाकून दे.

इर्मा : तीस वर्षं या टेबलाशी पुस्तकं परत घेतेय, मार्लिस. कुणी किती वाचलं ते हातात घेतल्यावर कळतं. आपले पाद्रीबुवा कोणती पानं दुमडतात तेही मला माहीत आहे. मी कधी कुणाला काही बोलले नाही. पण हे आपल्या गावातल्या नोरीनचं पुस्तक आहे, तिची पहिली रहस्यकथा.

मार्लिस : लोक यायला किती वेळ आहे?

इर्मा : पाऊण तास. खुर्च्या मांडून झाल्यात. नोरीन केक घेऊन येणार आहे. आजच्या पुस्तकांच्या गप्पांत तू कशावर बोलणार?

मार्लिस : नव्या तीन कादंबऱ्या आहेत. एक फेरीबोटीवरच्या खुनाची. बांधणी चांगली, पण तपास करणारा दर दुसऱ्या पानावर दारू पितो आणि तरी त्याला अंधारात बुटांचे ठसे दिसतात. दुसरी तीन बहिणींची, बापाची सफरचंदाची बाग विकायची की नाही यावर भांडतात. ती मला खरोखर आवडली. त्यात कुणी काही लपवत नाही, तरी पुढे काय होईल याची धास्ती वाटते.

इर्मा : आणि तिसरी?

मार्लिस : हरवलेल्या नर्सची.

इर्मा : तिचा शेवट कितव्या पानावर ओळखलास?

मार्लिस : इर्मा, पुरे.

इर्मा : मी नाही विचारलं तरी ते विचारतील. दर महिन्याला विचारतात. म्हाताऱ्या हेडलंडने तर मागच्या वेळी पैज लावली होती. मार्लिसला कुणी लेखक फसवू शकत नाही, असं गावात म्हणतात.

मार्लिस : मी आजवर एकाही कादंबरीचा शेवट ओळखलेला नाही. आधी शेवटचं पान वाचते.

इर्मा : कधीपासून?

मार्लिस : नवरा दवाखान्यात होता तेव्हापासून. गॉर्डनच्या उशाशी बसून वाचायचे. काय होणार ते माहीत नसलेली आणखी एक गोष्ट मला सोसेना. म्हणून आधी शेवट बघायचा, मग सुरुवातीला यायचं. तो गेला, सवय राहिली.

इर्मा : त्यात वाईट काय? पुस्तक तुझ्या हातात, कसंही वाच.

मार्लिस : तेवढ्यावर थांबले असते तर ना. शेवट माहीत असला की पहिल्या पन्नास पानांत सगळ्या खुणा दिसतातच. एकदा सदरात लिहून बसले, की मला आधीच कळलं होतं. लोकांनी वाखाणलं. ते मला आवडलं. मग मधली पानं वाचायचाही कंटाळा यायला लागला. एकतीस वर्षं मी पाण्याचे नमुने तपासले, इर्मा. हाताखालची एक मुलगी नमुना न तपासताच आधीचा आकडा बघून पुढचा लिहायची. तिची नोकरी मी घालवली.

इर्मा : नोरीनबद्दल काय लिहिलंस, आठवतं?

मार्लिस : आठवतं.

इर्मा : मला पाठ आहे. 'बावीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या लेखिकेला रस्ता पाठ असेल, पण तिचा शेवटचा थांबा चाळिसाव्या पानावरूनच दिसतो.' गावभर हसले. नोरीनही हसली, इथेच उभी राहून. मग घरी जाऊन चाळिसावं पान काढून बसली.

मार्लिस : तिने मला पत्र लिहिलं होतं. कोणत्या वाक्यावरून कळलं तेवढं सांगा म्हणून. रागाने नाही, शिकायचंय म्हणून.

इर्मा : मग?

मार्लिस : तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग ते पान उघडलं. शेवटी गुन्हेगार निघते ती शेजारीण कुत्र्याला उरलंसुरलं घालते, एवढंच आहे त्यावर. मी लिहिलं, कुत्रा तिच्यावर भुंकत नाही, तिथे कळलं.

इर्मा : म्हणजे पहिलं खोटं झाकायला दुसरं.

मार्लिस : हो.

इर्मा : आता पुढचं ऐक. परवा ती इथे येऊन बसली होती. म्हणाली, दुसऱ्या पुस्तकातून मी असली सगळी वाक्यं काढून टाकली. कुत्री, शेजारणी, कुणी कुणाची विचारपूस केलेली. कशातूनच काही फुटायला नको. संपादिकेने कळवलं, की पहिल्या खर्ड्यात जीव होता, हा आम्हाला घेता येणार नाही. शुक्रवारी नोरीन त्यांना कळवणार आहे, की लिहिणं सोडलं. वर मलाच समजावत होती, की मार्लिसबाईंचा काही दोष नाही, त्यांनी दिसलं ते सांगितलं.

मार्लिस : असं म्हणाली?

इर्मा : असंच.

मार्लिस : खरं सांगायचं असं पाच महिने रोज ठरवतेय. पत्राचे चार मसुदे पडलेत घरी. प्रत्येकात मी 'गैरसमज' असं लिहिते. तो शब्द खोडला की पुढे लिहवत नाही.

इर्मा : आज बुधवार आहे. मी एवढंच सांगेन. ही प्रत मी कुणाला दाखवणार नाही.

(दाराशी बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज.)

नोरीन : फार लवकर आले का? रस्ता साफ केलाय आज, गाडी कुठे घसरलीच नाही. हा केक धर, इर्मा. मार्लिसबाई, बरं झालं तुम्ही भेटलात. गर्दी व्हायच्या आत एक विचारायचं होतं.

मार्लिस : विचार.

नोरीन : आजच्या यादीतलं ते फेरीबोटीचं मीही वाचलं. शेवटपर्यंत मला काही म्हणता काही कळलं नाही. लिहिणं तर बंदच करतेय, म्हटलं निदान तुमच्यासारखं वाचायला तरी शिकावं. तुम्ही काय करता, पेन्सिल घेऊन बसता का?

इर्मा : मी आतून सुरी आणते.

मार्लिस : तू थांब, इर्मा. नोरीन, मी शेवटचं पान आधी वाचते. तुझंही तसंच वाचलं. चाळिसाव्या पानावर मला काहीही कळलं नव्हतं. कुत्र्याचं मी मागाहून रचलं.

नोरीन : आणि मधलं?

मार्लिस : मधलं अजून वाचलेलं नाही.

नोरीन : मधे त्या शेजारणीची आई येते. ती माझी आई आहे, होती तशीच. मला वाटायचं, तेवढं तरी तुम्हाला आवडलं असेल, फक्त लिहायचं राहिलं असेल.

मार्लिस : मला ती भेटलीच नाही.

नोरीन : मी जाते घरी. लोक येतील आता, आणि मला त्यांच्यात बसून हसता यायचं नाही.

मार्लिस : जा, मी थांबवणार नाही. फक्त शुक्रवारी संपादिकेला ते पत्र पाठवू नकोस. आज मी नव्या पुस्तकांवर बोलणार नाही. तुला सांगितलं तेच सगळ्यांना सांगणार आहे, आणि रविवारी तेच लिहून सदर बंद करणार आहे.