दिव्यांची बाजू

दुरुस्तीच्या दुकानात मोबाइल घेऊन बसलेल्या मावशींना परक्यांचं भांडण ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत. काउंटरवर कॉम्प्युटरचा डबा उघडा होता आणि बहीण भावावर कडाडली होती.

“दादा, बाजूचे दोन पंखे कुणी उलटे केले?”

“मीच. डब्याच्या काचेतून त्यांची बोडकी पाठ दिसायची. आता पंख्यांवरचे दिवे कसे झळकतात बघ!”

“आता मागच्यासकट तिन्ही पंखे हवा बाहेर फेकतायत. आत कोण घेणार, तुझा सासरा?”

“पंखा तो पंखाच ना गं!”

“माझे नकाशे अर्धे असताना कॉम्प्युटर तापून बंद पडला. आज द्यायचे होते. गेलं काम दुसरीकडे!”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत! तुला तेच हवं असतं ना?”

दुकानदाराने दोन्ही पंखे सुलटे करून बसवले. “हे हवा आत घेतील, मागचा बाहेर टाकेल. मशीन वाचलंय, ताई. जरा वेळ चालवून बघू.”

“म्हणजे काचेतून परत पाठच दिसणार?” भावाने विचारलं.

मावशींनी बाकावरची पिशवी मांडीवर घेतली.

“ये गं, बस इथं.”

भाऊही बसायला सरकला, तशी पिशवी पुन्हा बाकावर आली.