अर्धी दाढी

—नाही, बोलू नका फादर, फेस तोंडात जाईल. दर रविवारी तासभर तुम्ही बोलता नि आम्ही गप बसतो. आज माझ्या खुर्चीत तुम्ही गप बसा. मान वर. आणखी वर—वरच बघायची सवय आहे ना तुम्हाला!

तर काय सांगत होतो—आमची बायको. उद्या सकाळी तिचं हृदय उघडणार. डॉक्टर म्हणतो, काही सांगता येत नाही. एवढं शिकून त्याला सांगता येत नाही, आणि आमच्या बाईसाहेबांना सगळं ठाऊक! 'प्रभू बघून घेईल,' म्हणते नि कूस बदलून घोरायला लागते. घोरते हो! दुखणं तिचं, झोप माझी उडालेली. परवा मुद्दाम हलवून उठवलं—म्हटलं, जरा घाबर की गं, एकट्यानं किती घाबरायचं मी? तर म्हणते, 'पाणी प्या आणि निजा.' ही सगळी तुमची करणी. जन्मभर तिच्या कानात भरवलंत, आता भोगतोय कोण? मी.

गाल फुगवा. हां.

मी? मी कशाला प्रार्थना करतोय! तिला चर्चच्या दारात सोडतो नि बाहेर बिडी ओढतो, तुम्ही बघताच की. पण आता तिनं एकच मागितलंय—आत नेतील तेव्हा बाहेर बसून ती पित्याची प्रार्थना म्हणा, पुरी. मग काय, करतोय पाठ. गिऱ्हाईक नसलं की ह्याच आरशापुढं उभा राहून—हसू नका, कापेल! येते सगळी. फक्त ती एक जागा, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणतात ती—तिथं जीभ लाकूड होते. हे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं झालं! तिला घरी धाडायचं त्याच्या इच्छेतच नसलं तर? मी माझ्या तोंडानं 'ने बाबा' म्हणू? तेवढं गाळलं तर चालतं का हो? तिला कळायचं नाही, ती बेशुद्ध असेल. त्याला कळेल—पण त्याला काही माणुसकी असेल की नाही?

बोला ना! एरवी थांबत नाही, आणि आता—हो, मीच गप बसवलंय, खरं.

काय? तुम्हीसुद्धा? आई गेली तेव्हा? तिथंच अडकलात? आणि गळ्यात हा एवढा क्रूस घालून हिंडता!

हलू नका म्हटलं ना. तुम्ही नाही हलत? मग हा वस्तरा का हलतोय?

उठा. उठा म्हणतोय! एक गाल झालाय, दुसरा घरी जाऊन करा. ह्या हातानं आज कुणाच्या गळ्याला वस्तरा लावायचा नाही मला. हा टॉवेल घ्या, फेस पुसा. लोक हसतील? हसू द्या. विचारलंच कुणी, तर सांगा—त्याच्या इच्छेप्रमाणे झालं.

...असे बघताय काय? निघा. आणि जाताना दार ओढून घ्या.