सुतार आला, पत्ता आमचाच

मला एक सांगा, तुमच्या घरी कधी मांजराला अंघोळ घालायला माणूस आलाय का? आमच्याकडे आला, पिशवीत साबण, कंगवा, सगळं घेऊन, आणि आमच्याकडे मांजर नाही! दुसऱ्या दिवशी केस कापणारा, मग पंखेवाला... आणि पत्ता? आमचाच. आता हे केलं आमच्या सूनबाईनं, पण तिला कुणी बोल लावू नका हं, पोरगी गुणाची आहे. घरोघर कामाला माणसं पाठवणारी एक कंपनी आहे, तिचं मोबाइलवरचं अ‍ॅप ही बनवते. मी विचारलं, "अगं, चाललंय काय हे?" तर म्हणाली, "आई, गिऱ्हाईक पहिल्या स्क्रीनवर पत्ता लिहितं, दुसऱ्या स्क्रीनवर काम निवडतं. पुढे जाताना पत्ता सोबत द्यायचा असतो, तो कधीकधी मागेच राहतोय. आणि पत्ता आला नाही, की दुसरी स्क्रीन मी तपासणीसाठी घातलेला आपल्या घरचा पत्ता धरते." म्हणजे ह्यांना बाजारात पाठवावं आणि काय आणायचं ते ह्यांनी वाटेत विसरावं, तसंच की! पण हे निदान हात हलवत परत तरी येतात. अ‍ॅप नाही येत, ते मनानंच काहीतरी ठरवून पुढे जातं...

कंपनीच्या मालकांनी तिला बजावलं होतं, "आणखी एक घोटाळा झाला, तर उद्यापासून येऊ नका." सुट्टीच्या दिवशी बिचारी न जेवता चूक शोधत बसलेली, आणि दारात सुतार. "बाथरूमचं दार अडकलंय, आत माणूस आहे ना?" पत्ता? आमचाच. अहो, आमचं नाही, असं मी म्हणणार, तोवर आतून हे गायला लागले, आणि तुम्हाला सांगते, ह्यांचं गाणं ऐकलं की माणूस संकटात आहे असंच कुणालाही वाटतं. "घाबरू नका काका, आलो!" आतून "नको, नको!" "मावशी, फार धास्तावलेत, तुम्ही बाजूला व्हा." मी बाजूला होईपर्यंत बिजागऱ्या निघाल्या, दार भिंतीला टेकलं, आणि हे टॉवेल गुंडाळून बादलीमागे.

तेवढ्यात सूनबाईला फोन. मालक! स्वतःच्या बाथरूममध्ये अडकलेले, स्वतःच्याच अ‍ॅपवर सुतार मागवलेला. "कुठाय माझा माणूस?" पोरीचा चेहरा पांढराफटक. इकडे बादलीमागून, "अगं, आधी माझं दार!" आता तुम्हीच सांगा, एकीकडे नवऱ्याची अब्रू, दुसरीकडे सुनेची नोकरी, मी काय करणार? सुताराला मालकांचा पत्ता दिला आणि म्हटलं, "पळा."

मालक सुटले. बाहेर आल्यावर फोनवर एवढंच विचारलं, "चूक सापडली?" ही म्हणाली, "सापडली, पत्ता आता सोबत जातो." "मग उद्या या."

मी दार बसवायला अ‍ॅपवरच सुतार मागवला, पत्ता अगदी बरोबर गेला, आणि वेळ मिळाली परवाची. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई कामावर गेली, आणि हे साबण-टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे अंघोळीला गेले.