चोराची काळजी

सीट कव्हर बसवून होईपर्यंत टॅक्सीवाला दुकानातल्या बाकावर बसला होता. कान मात्र काउंटरपाशी. तिथे दुकानदार एका काकूंना गाडीसाठी ट्रॅकर दाखवत होता.

“हा घ्या, काकू. गाडी चोरली, की मोबाईलवरून इंजिनच बंद पाडा.”

“भर रस्त्यात? नको हो. मागून कुणी ठोकलं तर?”

“ठोकू दे की चोराला! बरं, हा पोलिसांना परस्पर कळवतो.”

“तो तर मुळीच नको.”

“मग भोंगावाला?”

“दचकेल. नुसतं गाडी कुठे आहे ते दाखवणारा नाही का?”

“अहो, चोराची एवढी काळजी?”

“किल्ली आहे त्याच्याकडे. बापाशी भांडून गेला, तेव्हा खिशातच राहिली.”

“मग कुलूप बदला.”

“दोनदा गाडी नेली. दोन्ही वेळा धुऊनपुसून दारात आणून लावली. पण आत पाऊल टाकलं नाही.”