आमचीच फर्म का?

तुम्ही हसाल, पण मुंबईतली ही लॉ फर्म मी का निवडली, ते मुलाखतीत खरं खरं सांगून टाकलं होतं.

रत्नागिरीला लॉच्या शेवटच्या वर्षाला असताना अर्ज केला. ‘आमचीच फर्म का?’ या प्रश्नाखाली सगळे लिहितात तेच लिहिलं, नावलौकिक, शिकण्याची संधी वगैरे. मुलाखत घेणाऱ्या वकीलबाईंनी अर्ज बाजूला सारला.

“हे पाठ झालंय मला. खरं कारण सांग.”

मी म्हटलं, “मॅडम, तुमच्या इमारतीत माझे वडील लिफ्टमन आहेत.”

“मग?”

“आम्ही मंडणगडकडच्या गावात राहतो. बाबा वर्षातून दोनदा येतात, चार-चार दिवस. इथे लागले तर रोज दुपारी त्यांच्यासोबत जेवता येईल.”

बाई म्हणाल्या, “आत्ता त्यांनीच मला वर आणलं. मुलगी आलीये म्हणून एका शब्दाने बोलले नाहीत.”

नोकरी मिळाली. पण निकाल लागून मी रुजू होईपर्यंत इमारतीत बटणांची नवी लिफ्ट बसली होती आणि बाबांना कामावरून कमी केलं होतं. पहिल्या दिवशी मी डबा एकटीनेच खाल्ला. बाबा गावी भाताची लावणी करत होते.

आता त्यांचा रोज फोन येतो, “काय गो, सुट्टी कधी मिळते तुला?”

लहानपणी हेच मी त्यांना विचारायचे. ते म्हणायचे, “साहेबांना विचारून सांगतो.”

मी म्हणते, “मॅडमना विचारून सांगते, बाबा.”