आतल्या टायरातली हवा

मंडळी, ऐका. आज एकच गोष्ट विचारतो. आपलं माणूस समोरून ठीक दिसलं, म्हणजे ते ठीक असतं का? लगेच मान हलवू नका — आधी काय घडलं ते ऐका.

आटपाडीकडचा बाजीराव कोकरे आणि त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शिवराम. दोघांत मिळून एक ट्रक. डाळिंबं भरायची आणि थेट कोलकात्याला न्यायची. रस्ताभर वाद — पण एकमेकांशिवाय घास उतरायचा नाही.

वाद कशाचा? टायरच्या हवेचा. गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, दाजी एकेका टायरला मीटर लावायचे. कमी असली तर भरायचे, जास्त झाली तर सोडायचे. मागं एकाला एक लागून दोन जोडटायर असतात ना, त्यातल्या आतल्यासाठी सरळ गाडीखाली शिरायचे. आणि आमचा बाजीराव? बाहेरच्या टायरावर लाथ मारायचा. टण्ण वाजलं, की चला. अहो, लाथ मारून कुणाची तब्येत कळते का? ह्याला कळायची!

एकदा वाटेत दाजींना ताप भरला. केबिनमध्ये पांघरूण घेऊन पडले. पडल्या पडल्या विचारलं, "पाव्हणं, हवा बघितली?"

"बघितली," बाजीराव म्हणाला. बघितली कसली — लाथ मारली होती.

दुपारी घाटाचा उतार लागला. ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. आणि मागं धाडकन आवाज झाला. गाडी एका अंगाला बसली, शेपटीकडून दरीकडं ओढायला लागली. गाडी फिरेल म्हणून बाजीरावानं ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग तेवढं घट्ट धरलं. गिअर उतरवत, कठड्याला घासत घासत गाडी थांबली. दाजी सीटवरून खाली पडले होते. पण जिवंत होते.

दोघं मागं गेले. बाहेरच्या टायराच्या चिंध्या झालेल्या. दाजींनी वाकून आत हात घातला. आतलं टायर पार बसलेलं, त्यात खिळा.

"हे कधीचंच बसलं होतं," दाजी म्हणाले. "बाहेरच्यानं दोघांचं ओझं वाहिलं. तापलं, आणि फुटलं."

बाजीराव मटकन रस्त्यावर बसला. "दाजी, मी खोटं बोललो. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

दाजी रागावले असतील? नाही. तापानं फणफणलेला तो माणूस शेजारी बसला, पाण्याची बाटली पुढं केली. म्हणाला, "आधी पाणी पी. टायराचं मग बघू."

दोन्ही टायर बदलून घेतले आणि रात्री एका ढाब्यावर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी उठले, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. बाजीराव आतल्या टायराला मीटर लावत होता. दाजींनी चहा मागवला आणि तो निवेपर्यंत बघत राहिले.

तर मंडळी, आता तुमच्या घरात या. तुमच्याही घरात कुणीतरी दोघांचं ओझं वाहतंय. हसतंय, कामाला जातंय, भाकरी थापतंय — दिसायला अगदी ठीक. आणि कुणीतरी आतून खचलंय, ते कुणाला दिसतच नाही. "बरं आहे ना?" असं दारातून विचारून चप्पल घालू नका. बूड टेकून जवळ बसा. थोडं वाका. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. पांडुरंगाला तेवढी पूजा पुरते.